शेरा

महिन्याचा दुसरा मंगळवार, सकाळचे अकरा.
मी कढोली नाल्याच्या पुलाखाली उतरतो.
पेटीतला बर्फ पवनीच्या मासळीबाजारातला, त्याचं बिल मिळत नाही.
बादली त्याच पाण्यात तीनदा विसळायची,
चौथ्यांदा भरेल ते सरकारचं.

स्थानक क्रमांक सतरा.
इथेनॉलच्या कारखान्याची भिंत संपते तिथून दोन बांध खाली.
रंग : किंचित पिवळट. वास : नाही.
मर्यादेत, मर्यादेत, मर्यादेत.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात नऊ वर्षं
मी एक आडवी रेघ ओढत आलो,
इतकी सरळ, की तिच्यावर धुणं वाळत घालावं.

कचराबाई नान्हे त्या दिवशी जाळं न टाकता नुसतीच बसली होती.
आधीची तीन लेकरं दगावली, म्हणून मायनं हे नाव ठेवलेलं,
मरणानं उकिरडा समजून पुढं जावं.
माझ्या बाटल्यांकडे बघत म्हणाली,
"तुमी येता तवा पानी आंग धुऊन बसते जी."

मग पाय पुढे केला.
चांदीची जोडवी, काजळासारखी.
"रातच्या तिनाले उतरली होती.
झिंगे काठावर उड्या मारून राहिले होते.
पान्यातला जीव पान्यातून पळते,
असं पायलं का कधी?"

तिच्या घरी देवळीत, कणगीमागं, चुलीवरच्या फळीवर
थंड पेयांच्या अठ्ठावीस बाटल्या.
प्रत्येकीच्या गळ्यात जाळ्याचा दोरा, दोऱ्याला गाठी,
अवसेनंतर जितक्या राती तितक्या.
पुनवेच्या बाटलीला पंधरा.
काहींतलं पाणी काकवीसारखं.
एकीचं बूच उघडलं
आणि शिळ्या आंबिलीचा, नासक्या अंड्यांचा भपकारा
थेट माझ्या रजिस्टरवर येऊन बसला,
'वास : नाही' च्या ओळीवर.

मी म्हणालो, हे चालत नाही मावशी.
बर्फ नाही, सील नाही, वेळ कामकाजाची नाही.
साक्षीदार नाही.
"मी आहो ना," ती म्हणाली.

जीप सुरू करून पुलापर्यंत गेलो, बंद केली.
एक जादा काचेची बाटली, दोन कुप्या, रबरी हातमोजे.
नियमात हे कुठं बसतं, मला माहीत नाही.
दाखवलं तिला : काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही.
या कुपीतले इतके थेंब, मग त्या कुपीतले. बूच. उलटसुलट.
थोड्या वेळानं तळाशी गाळ बसेल.
तपकिरी बसला, तर पाण्यात श्वास आहे.
"अन् पांढरा?"
मी नाल्याकडे बघत राहिलो.
"समजली," ती म्हणाली.

तीन आठवडे काहीच नाही.
आज पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
उशाशी फोन. नंबर तिच्या नातवाचा.
मागे कुठंतरी पंपाची घरघर,
बेडूक एकही नाही.
तिनं ना रामराम केला, ना नाव सांगितलं.
"पांढरा," म्हणाली.
"फुटलेल्या दुधासारखा बसला जी, पांढरा."

बायकोनं कूस बदलली, झोपेतच विचारलं,
कोण गेलं?

दिवा लावला. रजिस्टर घरी आणायची परवानगी नाही,
ते दप्तरात होतं.
सवयीनं पट्टी शोधणारा हात मधेच थांबला.
तारीख. वेळ, खरी.
नमुना कोणी घेतला : कचराबाई नान्हे, राहणार कढोली.
शेऱ्याचा रकाना अर्ध्या इंचाचा,
पहिल्या दोन शब्दांतच भरला.
मी समासात उतरलो.