मनोरी, शेवटची रात्र

काझाहून निघाले तेव्हा हातमोजे दोन होते, एकावर एक.
आज एक्केचाळीसावा दिवस.
भाईंदर, उत्तन, गोराई
आणि गोराई सुटता सुटता चेन तुटली.
जोडायची पिन डबीत नव्हती,
ती सांचोरला एका पोराच्या सायकलला देऊन बसलेली.
ढकलत ढकलत धक्क्यावर आले तर
शेवटची बोट खाडीच्या मध्यावर,
तिला एकच दिवा
आणि त्याचीही माझ्याकडे पाठ.

वलांडीवरून बोंबील काढत होती एक बाई,
दव पडायच्या आत.
"रातची कुठं जाशील," म्हणाली.
प्रश्न नव्हता तो.
टोपली माझ्या हँडलला अडकवली
आणि पुढे चालू लागली.
अपोलिना किणी. घर क्रुसाच्या मागे.

"आलीस कुठनं?"
"स्पितीहून."
"ते कुठं आलं?"
"बर्फात."
"आणि जायचं कुठं?"

इथे मी तांब्या तोंडाला लावला.

कारण तिच्या मागच्या पायरीवरून दिसत होतं मालाड.
दिव्यांच्या त्या गर्दीत कुठेतरी
सातव्या मजल्यावर एक अंधारी खिडकी,
तिची किल्ली माझ्या कमरेच्या पिशवीत.
पाणी सोडलं तर मोजून पाच किलोमीटर.

सांगायला हवं होतं.
पण सांगितलं असतं तर मी पाहुणी उरले नसते,
बोट चुकलेली ओर्लेमची एक बाई झाले असते,
आणि तिच्यासाठी कोण तवा परत चुलीवर ठेवतं?

नारकंड्याला शाळेच्या शिपायाने वर्गाची किल्ली दिली,
फळ्यावर तेराचा पाढा, एक्याण्णवपाशी चुकलेला.
मी झोपायच्या आधी पुसून नीट केला.
अबोहरला कापसाच्या ढिगावर निजले,
पहाटे केसांत सरक्या.
पालनपूरच्या अलीकडे पंपावरचा रात्रपाळीचा माणूस
स्वतःची खाट मला देऊन
खुर्चीत बसून राहिला.
सकाळी तो मान चोळत होता. मी पाहिलं
आणि थँक्यू म्हणाले.
तेवढंच सुचलं.

माझ्या दाराला भिंग आहे.
बेल वाजली की आधी त्यातून बघते
आणि मग बऱ्याचदा
घरात नसल्यासारखी उभी राहते, श्वास धरून.
अकरा वर्षं.

तांदळाची भाकर, बाटलीतल्या मसाल्याचं कालवण.
तिचा मुलगा जहाजावर. त्याच्या पलंगावर
तिने घडी मोडून नवी चादर घातली,
कोपरे दाबून दाबून बसवले.
रात्रभर खाडीचं पाणी चढत होतं
आणि मी त्या चादरीवर
चोरासारखी सरळ झोपले, कूस न बदलता.

सकाळी शेजारच्या इनासने चेन तारेने जोडून दिली,
"घरापर्यंत टिकेल" म्हणाला.
घर हा शब्द ऐकला आणि राहवेना.
"मी पलीकडचीच आहे हो," म्हणाले, बुटाच्या नाडीकडे बघत.
"ठाव हाय," अपोलिना म्हणाली.
"तुझ्या त्या पिशवीवर छापलंय,
ओर्लेम, वाणसामान, घरपोच."
आणि माझं तोंड बघून,
"भाकर काय पत्ता विचारून फुगते काय गो?"

बोटीत सायकलचं तिकीट वेगळं.
कॅरियरवर वर्तमानपत्रात सुतळीने आवळलेले
सुके बोंबील, शेरभर तरी.
अर्ध्या खाडीतून वळून बघितलं, हात वर केला.
ती माझ्याकडे बघत नव्हती,
वलांडीवर आजचा माल टाकत होती.

आमच्या लिफ्टमध्ये वास चालत नाही.
नोटीस लागते, लाल शाईत.
लागू दे.
मी सायकल लिफ्टमधूनच नेणार, मागच्या चाकावर उभी करून,
आणि पुडकं उघडणार ते
खिडकी बंद ठेवून.
वास गेला बाहेर की दाबेलच कुणीतरी बेल.

भिंगाला डोळा न लावता
उघडावं म्हणते.