कलती मान

गुरुवारी तीनला मी भद्रकालीतल्या त्या गल्लीत शिरते
तेव्हा बायका नुकत्या उठलेल्या असतात.
तोंडात मशेरी, केस ओले,
कुणी तांदूळ निवडतंय,
कुणी मोबाइलवर गावाकडच्या पोराला रागावतंय.
माझ्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, गोळ्यांची पाकिटं
आणि एकवीस रकान्यांचा फॉर्म.
पहिल्या वर्षी पिशवीत दयासुद्धा असायची.
ती कुणी घेतली नाही.
संध्याकाळी तशीच घरी न्यायचे,
डब्यात उरलेल्या पोळीसारखी.

लक्षम्मा पायरीवर बसते.
वय विचारलं तर म्हणते, लिही तुला वाटेल ते.
उजवा कान गेलाय.
कुणी मारलं ते सांगत नाही,
कशानं मारलं ते सांगते:
तांब्या होता, पितळी, जड,
अजून आहे, त्यातच पाणी पिते.
कुणी बोलायला लागलं की ती डावा कान पुढे करते,
मान खांद्यावर कलते, डोळे अर्धे मिटतात.
मला वाटायचं, पेंगते.

त्या दिवशी आत एक बाई होती, भिंतीकडे तोंड करून.
सीबीएसवर दोन रात्री बसून होती म्हणे, मांडीवर बोचकं घेऊन.
लक्षम्मानं उठवून आणली.
"धंद्याला नाही गं," मला आधीच बजावलं,
"जेवायला."

मी हिंदीत विचारलं. मराठीत विचारलं.
रकाना पहिला, नाव. रकाना चौथा, गाव.
काही नाही.
फॉर्मची घडी घातली,
आणि ती एकदम बोलायला लागली,
कुणालाच न कळणाऱ्या भाषेत,
आधी हळू, मग भरभर,
मध्येच हसली, मध्येच दोन बोटं दाखवली,
पुन्हा पुन्हा दोन.

लक्षम्मानं मान कलती केली.
गल्लीत दिवे लागले.
खालून गिऱ्हाइकानं हाक मारली, दोनदा.
ती हलली नाही.

सगळं संपल्यावर मी विचारलं,
मावशी, भाषा येत नाही, अर्धं ऐकू येत नाही,
काय कळलं तुम्हाला?
"ऐकायला कान कशाला लागतो?
मान लागती."

आई मला चैत्रात वणीला न्यायची.
पायऱ्या चढून पोटऱ्या भरून यायच्या,
आणि वर पोचल्यावर मी देवीचे हात मोजायचे,
अठरा. दर वेळी सोळाला चुकायचे.
हात काय मोजतेस, आई म्हणायची, मान बघ.
समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी वाचतायत,
ती ऐकतेय, म्हणून कललीय.
मला पटायचं नाही.
एवढी शस्त्रं घेऊन कुणी नुसतं ऐकत बसतं का?
आई जाऊन अकरा वर्षं झाली.
हे तिला सांगायचं राहिलं.

त्या बाईनं तांब्या उचलून पाणी प्यायलं,
मग भात, आमटी, पुन्हा भात.
हात धुताना म्हणाली, कुंतला.
मी पहिला रकाना भरला.

सोमवारी साहेबांनी फॉर्म परत पाठवला.
शेरा लाल शाईत: माहिती अपूर्ण.
बरोबरच आहे.
दोन म्हणजे काय, ते अजून कुणालाच माहीत नाही.

लक्षम्माच्या दंडाला पट्टा बांधताना
हल्ली मी तिच्या डाव्या बाजूला बसते.