रिकामे मैल

जानेवारीची एकोणतीस. डर्बीत पाच वाजताच रात्र.
टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उपडा केलाय
आणि त्यातून वर्षभराचं पेट्रोल सांडलंय,
चिठ्ठ्या-चिठ्ठ्यांनी.
निम्म्या कोऱ्या. डॅशबोर्डवर उन्हात राहिल्या की
शाई उडते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आता कळतंय की डब्याची गरजच नव्हती.
संघेराबाई मला ‘भाजी’ म्हणतात
(चार वर्षं झाली, मला अजून आधी मेथीच आठवते),
म्हणाल्या, भाजी, मैलांचा दर लावलाय ना तुम्ही?
मग पेट्रोल त्यातच आलं. टायर त्यातच, विमा त्यातच,
रिप्लीच्या चढावर जळालेला क्लच, तोही त्यातच.
पहिल्या दहा हजारांना मैलामागे पंचेचाळीस पेन्स,
पुढच्यांना पंचवीस.

म्हणजे दहा हजारांनंतर रस्ता स्वस्त होतो.
कंबर तिथूनच महाग होत जाते,
पण तिला रकाना नाही.

लायसन्सची फी चालते.
फोन चालतो, धंद्यापुरता.
स्टेशनबाहेर आजीबाईंची व्हीलचेअर उतरवताना
जो दंड बसला, तो चालत नाही.
डबा चालत नाही. माणूस जेवतो तो जगण्यासाठी,
धंद्यासाठी नव्हे, असं सरकारचं मत आहे,
आणि मला ते खोडता येत नाही.
खर्च हवा पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी.
पूर्णपणे. आणि केवळ.
एवढं तर लग्नातही कुणी वदवून घेत नाही.

तर ही निळी डायरी. कुठून, कुठे, किती.
विमानतळ, हॉस्पिटल, विमानतळ, कॅसिनो, हॉस्पिटल.
पाहुणा सोडून रिकामी परत आणलेली गाडी
हाही धंदाच. रिकामे मैल धरायचे.
बेरीज तेवीस हजार चारशे सोळा.
ऋजुताने फोनवर पडताळली, बरोबर आहे, म्हणाली,
आणि हेडफोन पुन्हा कानात.

फक्त मे महिन्यातला एक मंगळवार.
पावणेदोन वर्षं होत आली.
मॅटलॉकला एका जोडप्याला सोडलं,
परतीचा रस्ता डावीकडे होता.
मी उजवीकडे वळलो.
का, ते डायरीत नाही. डायरीत फक्त
माझ्याच अक्षरात ‘+७’.

वर माळ होता. दगडांची बिनचुन्याची भिंत,
भिंतीपलीकडे कोकरं, अंगावर निळे आकडे रंगवलेली.
इंजिन बंद केलं.
ॲपवर दोन भाडी वाजली, दोन्ही गेली.
काही विशेष घडलं नाही.
एक कोकरू भिंतीशी आलं, माझ्याकडे बघितलं,
मी कुणाचा ड्रायव्हर नाही हे त्याला पटलं असावं.
चाळीस मिनिटं. मग गाडी सुरू केली.
गाडी रिकामी होती.
मी नव्हतो.

आता हे सात मैल कुठे मांडू?
सात गुणिले पंचवीस, एक पौंड पंचाहत्तर.
त्यावर वाचणारा कर पस्तीस पेन्स.
पस्तीस पेन्ससाठी कुणी इन्स्पेक्टर डर्बीला येत नाही.
संघेराबाई तर म्हणतील, भाजी, वेडे आहात का,
रस्ता चुकला म्हणा.

चुकला नव्हता.

मी खोडलं. तेवीस हजार चारशे नऊ.
दहा हजारांचे चार हजार पाचशे,
उरलेल्यांचे तीन हजार तीनशे बावन्न
आणि वर पाव पौंड.
पानाच्या कडेला ‘खासगी’ असं लिहून
खाली सात. वर्षभराच्या डायरीत
त्या रकान्यात दुसरं काही नाही.

चिठ्ठ्या डब्यात परत भरल्या, कोऱ्यासुद्धा.
चार वाजता ईस्ट मिडलंड्सचं भाडं आहे,
तीन बॅगा, एक बाळ.
आकडा टिपून घेतला पाहिजे निघताना.