दिवा दिसल्यावर

दामोदर कुबल सांगतात
नारळी पौर्णिमेनंतरच्या एका वादळाचं :
विंचच्या दोरात डाव्या हाताची दोन बोटं गेली
आणि काही म्हणजे काही दुखलं नाही.
रात्रभर त्याच हाताने सुकाणू धरलं,
पाणी उपसलं, पोरांना शिव्या घातल्या.
पहाटे देवगडचा दिवा दिसला
तेव्हा लहान मुलासारखे ओरडले.
"धक्क्याक लागूक अजून अर्धो तास होतो.
पण दिवो दिसलो, आणि बोटां दुखूक लागली.
नसलेली बोटां."

आता मणक्यात गाठ आहे.
मी मॉर्फिनच्या गोळ्या मोजते, वहीत सही घेते.
डोस दोनदा वाढवलाय.

मिरजेला नर्सिंग शिकताना ऐकलं होतं,
हे औषध कण्यात दार ओढून घेतं,
वेदना बाहेर ताटकळते.
पण मेंदूजवळ आणखी एक रसायन असतं,
कोलेसिस्टोकायनिन,
नाव मोदकाच्या काट्यासारखं घशात अडकणारं.
पोटात ते म्हणतं, पुरे, ताट सरकव.
कण्यातही तेच म्हणतं :
पुरे, धोका टळला, काढ ती कडी.
उंदरांना शिकवलं होतं म्हणे,
हा दिवा लागला की आता झटका नाही.
दिवा लागायचा,
आणि मॉर्फिन पाण्यासारखं वाहून जायचं.
परीक्षेत मला त्याचे दोन गुण मिळाले.

काल जामसंड्याच्या उतारावर
नेहमीसारखा हॉर्न दिला.
कुबलकाकी पायरीवरच थांबलेल्या.
"रागावा नको हां, सिस्टर.
तुमची गाडी वाजली काय ह्येंका दुखूक लागता.
तवसर गप निजान असतत."
आतून ते म्हणाले, कण्हत, ओशाळून,
"तुमका बघून बरां वाटता, म्हणान."

रात्री मला झोप लागली नाही.

आज वळणावरच स्कूटर बंद केली,
माडांखालून ढकलत आणली,
चपला हातात घेतल्या.
खिडकीतून दिसतंय :
तीन बोटांनी ते चादरीच्या काठाला
गाठी मारतायत, जाळं विणल्यासारख्या,
आणि नातवाला सांगतायत
कुठल्या महिन्यात कुठल्या खडकामागे
सरंगा असतो.
आवाज नीट. दात दिसतायत.

औषधाची वेळ पावणेसात.
माझ्या घड्याळात सहा चाळीस.
कुत्रं मला ओळखून शेपटी हलवतंय,
त्याला मी बोटानेच गप्प करते.
अजून पाच मिनिटं
राहू देत त्यांना समुद्रात.