टिच

मंगळवारचा वर्ग. नाना पेठ, टायरच्या दुकानावरची खोली.
फळ्यावर एकच शब्द लिहिला, स्नॅप,
आणि म्हटलं, सांगा, असं काय काय तुटतं?

तौफिक म्हणाला, क्लचची वायर.
दापोडीच्या पुलावर, मागे पीएमटी हॉर्न मारतेय,
आणि तटकन.
मूठ अशी रिकामी होते ना मॅडम,
की पलीकडून कुणी धरलं होतं, ते सोडून गेलं.
मी लिहिलं, द केबल स्नॅप्ड.
त्याच्या मुठीचं इंग्रजी मला आलं नाही.

एस्तेर साळवे, ससूनची, रात्रपाळी करून आलेली:
माणूसपण तुटतं का यात?
पहाटे चारला एका म्हाताऱ्यावर वसकन ओरडले मी.
पाणीच मागत होता.
हो, म्हटलं, तेही यातच.
तिनं वहीत उतरवून घेतलं
आणि खाली दोन रेघा मारल्या.

उद्धव कानगुडे सहसा बोलत नाही.
भोसरीत तारा यंत्राला लावतो,
तुटेपर्यंत ओढतो, आकडा मांडतो. रोज. बारा वर्षं.
म्हणाला, अचानक काही तुटत नसतं, मॅडम.
कागदावरची रेघ आधीच वाकलेली असते.
तार मधेच कमरेत बारीक होते, बघणाऱ्याला दिसते.
अचानक असतो तो फक्त आवाज.

खाली कुणीतरी टायरात हवा भरत होतं.

आमच्याकडे आवाज झाला तो मिठावरून.
मीठ? एवढंच विचारलं होतं त्यानं, ताटावरून मान न उचलता.
आणि मी उठले ती उठलेच.
एवढ्याशा मिठावरून, म्हणाले सगळे,
माझी बहीणसुद्धा.
एकोणीस वर्षांची रेघ
कुणाच्या कागदावर नव्हती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून विमल टिळेकर हसली.
अहो, हा शब्द तर माझ्याकडे डझनानं येतो,
बोहरी आळीतून, पाकिटावर छापून!
तो कुठला तुटायला? तो लागतो.
पिशवीतून कुणाच्या तरी बाळाचं झबलं काढलं,
दोन बोटांत दाबलं.
टिच.
टिचबटण हो.

टिचबटण.
आणि बशी टिचते, आरसा टिचतो,
टिचलेली एक बशी माझ्या कुंडीखाली आहे
गळणारं पाणी झेलत.
पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवते मी
आणि हा शब्द कधी
दोन्ही बाजूंनी पाहिला नव्हता.

जाताना विमलनं एक जोडी दिली, असू द्या म्हणून,
चिंधीला शिवलेली.
सेव्हन लव्हज चौकात सिग्नल मोठा असतो.
गाडी बंद केली, खिशात हात घातला, दाबलं.
टिच.
लागलं की सुटलं
ते अंधारात नुसत्या आवाजावरून कळत नाही.