नावं वाचणारी

यादी आली: तीनशे बारा नावं,
आणि प्रत्येकाच्या आवाजात त्याचं त्याचं नाव.
आठवडाभर रात्री भांडी घासताना ऐकत होते.
आयगेरिमच्या मागे किटलीची शिट्टी,
क्वाबेना नावाआधी खोकतो,
फुंमिलायो तीनदा म्हणते, तिसऱ्यांदा नुसतंच हसून.

शेजारच्या टेबलावरची थ्लेउकी म्हणाली, "जमेल तुला.
माझं नाव नाही का जमलं, दोन वर्षांनी?"
(जीभ दातांमागे टेकवायची
अन् वारा कडेनं जाऊ द्यायचा.)

दोनशे सत्तेचाळीस: निनाद ढवळे, परांड्याचा.
वाचणाऱ्याला त्रास नको म्हणून
रेकॉर्डिंगमध्ये स्वतःच म्हणतो, "डावले."
आपणच आपल्याला डावललेलं,
तेही इतक्या अदबीनं.

आज स्वान्सीत वारा असा, की
पोरं टोप्या दाबून धरत आत शिरली.
भाड्याचे झगे, घड्या अजून मोडायच्यात.
मागच्या रांगेत कुणाची तरी आई
प्रत्येकासाठी टाळ्या वाजवतेय, ओळख ना पाळख.

एकेक नाव उचलते, उष्टं न करता.

"निनाद ढवळे."
ढ पोटातून. ळ टाळूपर्यंत जीभ वळवून.

पायरीवर त्याचं पाऊल अडलं.
कुलगुरूंचा हात पुढे झालेला, तो तसाच राहिला;
हा वळून माझ्याकडे बघतोय,
घरातून कुणी हाक मारावी तसा.

अजून पासष्ट जण उभे होते.
मी चष्मा पुसला.
पुढचं नाव साधं: टॉम हिल.
नेमकं तेच चुकले.