डागडुजीची रात्र

यंदाही झाड आणलं नाही.
लहान झाडं बर्फातच बरी दिसतात,
आणि माझ्या बैठकीला मोकळे कोपरे तीनच,
चौथ्यात शिवणयंत्र.

दुपारी दोनला उजेड आवरायला घेतो,
दुकानदार फळ्या लावतो तसा.
कुहमोच्या आमच्या गल्लीत मग
खिडक्याखिडक्यांतून सात-सात दिव्यांचे त्रिकोण लागतात,
सौनाच्या धुराड्यांतून बर्चचा धूर,
आणि जिन्यात सगळ्यांच्या ओव्हनचा मिळून एकच वास.
मी टेबलावर जुनी चादर अंथरते.
पक्कड, सरस, सुया, मेणदोरा,
चष्म्याचे इवले स्क्रू बशीत.
दार नुसतं लोटून ठेवते.

हा कसला सण, ओउलूहून बहीण विचारते.
तिच्याकडे अठरा माणसं, चार तऱ्हेचे मासे.
मी म्हणते, नाव नाही ठेवलं अजून.
नावं ठेवायला तू आहेसच.

ओलावी गेला त्या वर्षी, चोवीस तारखेच्या संध्याकाळी,
स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला.
प्लंबर कुठून येणार, सगळा देश जेवायला बसलेला.
पाना घेतला, सिंकखाली उताणी पडले,
वॉशर बदलला. हात काळे झाले.
उठून बसले तेव्हा ध्यानात आलं,
तासभर मी रडले नव्हते.
नळ अजून ठीक आहे.

दुसऱ्या वर्षी हिल्का आली,
कपाचा तुटका कान रुमालात बांधून.
मग एर्क्की, शेवटची फेरी मारून थेट,
खाली बस घुरघुरत उभी, जाकिटाची चेन तुटलेली.
तेव्हापासून दर वर्षी तीच चेन, त्याच जागी.
मी काही विचारत नाही.

यंदा तिसऱ्या मजल्यावरचा रेबिन, वय वर्षं नऊ,
घसरगाडीची निखळलेली पट्टी काखेत.
त्याच्या घरी हा सण नाही.
पण सगळ्यात लांब रात्र त्याची आई
डाळिंबं सोलत जागून काढते म्हणे,
ती तीन दिवसांपूर्वीच झाली.
अर्धं डाळिंब त्याने डब्यातून आणलेलं.
मी म्हटलं, इथे भेट चालत नाही,
फक्त मोडकं आणायचं.
तो म्हणाला, फोडलेलंच आहे की.

फार बोलणं होत नाही. सरस वाळेपर्यंत
कपाचा कान धरून बसावं लागतं,
तेवढ्यात हिल्का सांगते, पुन्हा एकदा,
कप नवऱ्याने भिंतीवर मारला होता,
ब्याऐंशी सालच्या ह्याच रात्री.
यंदा तिसऱ्यांदा निखळलाय कान. निखळणारच.
सरसाने सगळं धरत नाही,
आणि आभाळच फाटलं तर
ठिगळ लावायला तेवढं कापड कुणाच्या घरी?
एर्क्की मोकळ्या हाताने कॉफी ओततो.
रेबिन दाणे मोजतो, सगळ्यांना सारखे,
एक उरतो, तो टेबलाच्या मधोमध ठेवतो.

नऊला सगळे जातात.
मी खणातून ओलावीचं श्रवणयंत्र काढते,
शेंगदाण्याएवढं. नवी बॅटरी घालते,
वर्षातून एकदा, आजच.
मूठ मिटली की ते शीळ घालतं,
बारीक, चिरकी.
संसारभर मी ओरडत आले, अरे, वाजतंय तुझ्या कानात!
हं? म्हणायचा तो.
मूठ उघडते. मिटते. उघडते.
हे मोडलेलं नाही,
म्हणून कुणाला दाखवत नाही.

बाहेर वजा सव्वीस.
चेन राहिलीच शेवटी, वरचे दोन दात गेलेत,
जाकीट खुर्चीवर पडलंय.
एर्क्की ओलावीचा कोट घालून गेला.
बाह्या थोड्या आखूड होत होत्या त्याला.
उसवून बघायला हव्यात,
आत कापड असेल दुमडलेलं.